प्रश्न 'का'नं संपला पाहिजे

संवाद हा मानवी संस्कृतीचा पाया आहे, असं नगरच्या 'मुक्त संवाद' मंडळाच्या नियमावलीत पहिल्याच कलमात लिहिलेलं होतं. सुहास गंधे यांनी एका वेळी चार मिनिटांपेक्षा जास्त बोलू नये, हे कलम दुसरं.

दोन्ही कलमं रविकांत मुळे यांच्या हातची. एकतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आता हजेरी घ्यायला समोर कुणी नाही. घरात शोभाताई होत्या, पण त्यांनी एकतीस वर्षं ऐकलेलं होतं. त्यांचं ऐकून झालं होतं. मग रविकांतरावांनी पांढरी दाढी वाढवली आणि मंडळ काढलं. महिन्यातून दोन रविवारी, सायंकाळी पाच वाजता, नवप्रबोधन वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान आणि संस्कृती यांवर खुला संवाद. व्यासपीठ नाही, अध्यक्ष नाही, शाल नाही, नारळ नाही. सतरंजीवर गोल बसायचं, कारण गोलाला डोकं नसतं. रविकांतराव जिथे बसत तिथे बरोबर वर पंखा होता, आणि डोकं कुठे आहे हे सगळ्यांना त्यावरून कळत असे.

सुरुवातीला साठ-सत्तर माणसं यायची. चार वर्षांत ती अकरावर आली. उरलेली अकरा एकमेकांवरच्या रागावर टिकून होती. ज्यांना कुणाचाच राग नव्हता ते केव्हाच गळाले. सुहास गंधे वीज मंडळातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले. ज्याला गणित जमत नाही तो तत्त्वज्ञानाकडे वळतो, असं ते सतराव्या बैठकीत बोलून गेले. त्याला रविकांतरावांनी अठराव्या बैठकीपासून नव्याण्णवाव्या बैठकीपर्यंत उत्तर दिलं. देवश्री दाताच्या डॉक्टर. इतिहास हा त्यांचा प्रांत, आणि त्या प्रांतात दुसऱ्या कुणी पाऊल टाकलं की त्या सन विचारत. मंडळातलं कुणीही त्यांच्याकडे दात दाखवायला जात नसे. तोंड उघडं ठेवून गप्प बसायचं, हे तिथल्या कुणालाच जमण्यासारखं नव्हतं.

मंडळाचं खरं दुखणं प्रश्नोत्तरात होतं. लोक 'माझा प्रश्न नाही, पण एक छोटीशी टिप्पणी' असं म्हणून उठत आणि बावीस मिनिटांनी बसत. त्यावर रविकांतरावांनी चौथं कलम आणलं. प्रश्न एका वाक्यात विचारावा, तो 'का' या अक्षरानं संपला पाहिजे, आणि उत्तर देणाऱ्यानं आधी 'होय' किंवा 'नाही' म्हणून मगच पुढे बोलावं. कलम एकमतानं मंजूर झालं. पुढच्याच बैठकीत सुहास गंधे कणादापासून अणुभट्टीपर्यंत एका वाक्यात सलग अकरा मिनिटं बोलले आणि शेवटी म्हणाले, "नाही का?" तेव्हापासून सगळेच 'नाही का' लावून भाषणं करू लागले. खरा प्रश्न म्हणावा असा प्रश्न त्या हॉलमध्ये कुणी विचारल्याची नोंद नव्हती.

अशात वाचनालयाचे चिटणीस केदार यांचं पत्र आलं. केदार हा माणूस आवाज न चढवता माणसं कापणारा. पत्रात लिहिलं होतं, की हॉलला मागणी वाढली आहे. विशेषतः हास्यक्लबची. त्यांचे चाळीस सभासद आहेत आणि त्यांच्यात मतभेद नाहीत. तरी शतकी बैठकीला किमान तीस जणांची उपस्थिती वाचनालयाच्या वहीत नोंदली गेली, तर हॉल आपल्याकडे राहील, अन्यथा क्षमस्व.

वहीतली नोंद शिपाई आसाराम करत असे. पूर्वी तो दार उघडून डोकी मोजायचा. ते दार करकरायचं. एकदा मायावादाच्या ऐन मोक्याच्या जागी ते करकरलं आणि रविकांतरावांनी दीड पानी लेखी तक्रार केली, की मोजणीसाठी डोकावून संवादात व्यत्यय आणू नये. केदारांनी ती तत्परतेनं मान्य केली. तेव्हापासून आसाराम साडेपाच वाजता जिन्याखालच्या चपला मोजायचा आणि वहीत 'इतके जोड' असं लिहून घरी जायचा. रविकांतरावांना तो आपला विजय वाटला होता.

हॉल गेला तर मंडळ जाणार, हे उघड होतं. कुणाच्या घरी बसायचं म्हटलं तर अकरापैकी नऊ जण एकमेकांच्या घरी जात नव्हते. आणि मंडळ गेलं की रविकांतरावांना रविवार, आणि खरं तर सोमवार ते शनिवारही, घालवायला काही राहत नव्हतं. शोभाताईंनी त्यांना सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची जबाबदारी घ्यायला सुचवलं होतं. ते त्यांनी मनाला लावून घेतलं होतं.

त्यांनी शतकी बैठकीसाठी विषय काढला षड्दर्शने. भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा. तयारीच्या बैठकीत सुहास म्हणाले, की सामान्य माणसाला 'षड्' म्हटल्यावर पुढे फक्त 'यंत्र' आठवतं, आणि या मंडळाच्या बाबतीत ते चूकही नाही. यावर तीन तास वाद झाला. शेवटी देवश्रींनी तोडगा काढला, की फ्लेक्सवर नुसतं 'दर्शन' लिहावं. ज्याला समजायचं त्याला समजेल. फोटोही त्यांनीच निवडला. चौऱ्याण्णवाव्या बैठकीतला. त्यात रविकांतराव मांडी घालून बसले होते, दाढी छातीवर आली होती, डोळे अर्धे मिटलेले होते आणि उजवा हात पंजा उघडून वर केलेला होता. हा हात सुहास गंधे यांना गप्प करण्यासाठी उचललेला होता. पण सुहास फोटोतून कापले गेल्यामुळे ते कळायला मार्ग नव्हता.

फ्लेक्स जामखेड रस्त्याच्या नाक्यावर लागला. वर मोठ्या अक्षरांत 'दर्शन'. मध्ये रविकांतराव. खाली 'रविवारी सायं. ५ वाजता, नवप्रबोधन वाचनालयाचा वरचा हॉल. प्रवेश सर्वांना खुला. प्रश्न विचारता येतील.' अगदी तळाशी मंडळाचं नाव, जे पुढे लावलेल्या वडापावच्या गाडीमुळे दिसत नव्हतं.

रविवारी पाच वाजता नेहमीचे अकरा जण आले. जिन्याखाली चपला काढून वर सतरंजीवर गोल बसले आणि दाराकडे बघू लागले. पाच वाजून दहा मिनिटं झाली तरी बारावा कुणी आला नाही. सुहास घड्याळाकडे बघत म्हणाले, की रिकाम्या जागेवरही एखादं दर्शन असेलच, त्यावर सरांनी बोलावं. रविकांतरावांनी पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. तीसमधून अकरा गेले की एकोणीस उरतात, याला गणित जमण्याची गरज नव्हती.

सव्वापाचला जिन्यावर पावलं वाजली. एकदम बरीच. दार करकरलं आणि माणसं आत येऊ लागली. पुढे पागोट्याचा एक उंच म्हातारा, मागे बायका, पोरं, पिशव्या, एक आंधळी आजी. सगळे अनवाणी, पाय घोट्याच्या वरपर्यंत धुळीनं पांढरे. सतरंजीवर तेवीस माणसांची पावलं उमटली. म्हाताऱ्यानं फ्लेक्सवरचा चेहरा गोलात हुडकला, सरळ रविकांतरावांपुढे आला, आणि त्यांनी पाय आखडायच्या आत त्यावर डोकं ठेवलं.

भिमाजी त्यांचं नाव. सगळे खर्ड्याकडचे. ऊसतोडीला जायच्या आधी दरवर्षी ही भावकी टेम्पो करून देवदर्शनाला निघते, असं त्यांनी सांगितलं. सकाळपासून चार देवस्थानं झाली होती. परत जाताना नाक्यावर बोर्ड दिसला, तेव्हा वाटेतच आहे तर हेही उरकून घेऊ म्हणून गाडी वळवली. कोणते महाराज, ते काही त्यांना वाचता आलं नाही, पण गर्दी नाही म्हणजे दर्शन निवांत होईल असं सुनेचं म्हणणं पडलं. सून म्हणजे मनकर्णा. तिनं नारळ आणि पेढ्यांचा पुडा रविकांतरावांपुढे ठेवला. शाल नाही, नारळ नाही, हे कलम सहावं.

रविकांतरावांनी बोलायला तोंड उघडलं. भल्या माणसांनो, तुमचा गैरसमज झाला आहे, हे वाक्य त्यांच्या जिभेवर तयार होतं. पण नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. पाच वाजून एकवीस मिनिटं. आसाराम साडेपाचला मोजणार. अकरा आणि तेवीस चौतीस. ते वाक्य त्यांनी गिळलं आणि त्याऐवजी म्हणाले, "बसा."

नऊ मिनिटांचा प्रश्न होता. सत्य नऊ मिनिटांनी जुनं होत नाही, असं त्यांनी स्वतःला समजावलं, आणि हा विचार कोणत्या दर्शनात बसतो हे आठवून पाहिलं.

सुहास गंधे यांना सगळा प्रकार पहिल्या मिनिटात कळला होता. ते इतके खूश झाले, की चार मिनिटांत एक शब्दही बोलले नाहीत. देवश्री पेढा खाऊ लागल्या.

रविकांतरावांनी मिनिटं काढायची म्हणून अनुमान म्हणजे काय ते सांगायला घेतलं. डोंगरावर धूर दिसला तर तिथे अग्नी आहे हे न बघता कळतं. भावकीनं माना डोलावल्या. एका बाईनं पोराच्या कानात सांगितलं, की महाराजांना लांबचं दिसतं. साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना मनकर्णा पदर सावरत पुढे झाली. बोर्डावर प्रश्न विचारता येतील असं लिहिलेलं तिच्या पोरानं वाचलं होतं.

"महाराज," ती म्हणाली, "आमच्या बोअरला पाणी लागंल का?"

एक वाक्य. शेवटी 'का'. भाषण नाही, टिप्पणी नाही, 'नाही का' नाही. मंडळाच्या इतिहासात चौथ्या कलमाला तंतोतंत धरून विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि ते तिथल्या अकराही जणांच्या ध्यानात आलं.

रविकांतराव म्हणाले, की भूगर्भातलं पाणी हा प्रत्यक्षाचा विषय नाही, तर त्याचं ज्ञान कोणत्या साधनानं होईल हे आधी ठरवावं लागेल. मनकर्णानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी व्हय का न्हाई?"

"हे बघा, ते इतकं सोपं नाही."

"नियम चार, मुळेसर," सुहास म्हणाले. त्यांचा आवाज मधासारखा झाला होता. "आधी होय किंवा नाही. मग पुढचं. कलम तुमचंच आहे. मी मोडत होतो तेव्हा तुम्ही घंटी वाजवत होता."

पुढे सुहास आणखी काही बोलणार हे रविकांतरावांना दिसलं. तीन मिनिटं उरली होती. त्यांनी नेहमीच्या सवयीनं, सुहासला थांबवायला, उजवा हात पंजा उघडून वर केला.

तेवीस माणसं एकदम पुढे वाकली. आंधळ्या आजीला शेजारणीनं खांदा दाबून वाकवलं.

हात तसाच वर राहिला. खाली घेतला तर सुहास बोलणार, आणि वर ठेवला तर हे लोक उठणार नाहीत. त्या हाताखाली तेवीस पाठी होत्या आणि त्या पाठींवर हॉल उभा होता.

"लागेल," रविकांतराव म्हणाले.

मनकर्णानं डोळ्याला पदर लावला. मग तिनं डोकं वर केलं. "किती फुटाला?"

"प्रश्न 'का'नं संपला पाहिजे," रविकांतरावांच्या तोंडून निघून गेलं. चार वर्षांची सवय होती.

तिनं लगेच प्रश्न फिरवला. "दोनशे फुटाला लागंल का?"

त्यांनी मान हलवली. कोणत्या दिशेला ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं. तिला होकार दिसला. बाकीच्यांच्यात कुजबुज सुरू झाली, प्रश्नांची रांग लागली. पोराला बायको मिळेल का, मुकादम उचल देईल का, म्हातारीचे डोळे येतील का. एकजात सगळे 'का'. घड्याळात साडेपाच वाजले. खाली आसारामची सायकल स्टँडवरून उतरल्याचा आवाज आला. रविकांतरावांनी हात खाली घेतला आणि पहिल्यांदा पूर्ण श्वास सोडला.

सुहास गंधे जणू त्याचीच वाट बघत होते. ते उभे राहिले.

"बाई, हे महाराज नाहीत," ते म्हणाले. "हे कॉलेजात मास्तर होते. यांच्या घरच्या नळाला पाणी कधी येतं तेसुद्धा यांना बायकोला विचारावं लागतं. बोअर मारायचा तर दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

भिमाजी सावकाश उठले. आधी त्यांनी सुहासकडे बघितलं, मग रविकांतरावांकडे.

"खरं हाय का?"

नियमात बसणारा तोही प्रश्न होता. रविकांतरावांनी होय म्हटलं, आणि मग पुढचं बोलायला घेतलं. दर्शन या शब्दाचा मूळ अर्थ, त्यातली व्याप्ती. भिमाजींनी ते अर्ध्यावर तोडलं.

"मंग हात कशाला वर केला?"

याचं उत्तर सोपं होतं, पण ते सुहासच्या देखत देता येण्यासारखं नव्हतं.

"फोटूत बी हात वर, हितं बी हात वर," भिमाजी म्हणाले. "मास्तर हाय तर बोर्डावर मास्तर म्हणून लिवावं. चार देवांच्या पाया पडून आल्यालं डोकं आमी तुमच्या पायावर घातलं."

मनकर्णानं पिशवी उघडली. तिनं नारळ उचलून पिशवीत टाकला. पेढ्याचा पुडा उचलला, तो अर्धा रिकामा लागला, तेव्हा तिनं गोलातल्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. देवश्री तोंड मिटून बसल्या. मनकर्णा रविकांतरावांसमोर येऊन थांबली.

"वाणी बी मास्तरचीच हाय म्हना की," ती म्हणाली. "वळखायला पायजे हुतं. इचारलं एक आन् सांगितलं भलतंच." आणि जाता जाता सासऱ्याला, "चला मामंजी, बोअरचं आपल्या त्या पाणी बघनाऱ्या नारळवाल्याला इचारू. त्यो निदान नारळ तरी हातात धरतो."

टेम्पो सुरू झाल्याचा आवाज विरेपर्यंत कुणी बोललं नाही. नंतर सगळेच बोलले. सुहासनी निषेधाचा ठराव मांडला. मंडळाच्या संस्थापकानं बुवाबाजी केली, चौथ्या कलमाचा गैरवापर केला, सहाव्याचा भंग केला. देवश्रींनी बुवाबाजीचा पहिला लेखी उल्लेख कोणत्या सनातला ते विचारलं. कुणी म्हणालं, पेढे खाल्ले त्यांचाही निषेध व्हावा. त्यावर देवश्री पर्स उचलून निघाल्या आणि जिन्यावरून ओरडून सांगून गेल्या, की या हॉलमधल्या प्रत्येकाच्या तोंडाला वास येतो, आणि हे त्या व्यवसायाच्या अधिकारानं सांगताहेत. ठराव नऊ विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. रविकांतरावांनी स्वतः तो वहीत उतरवून घेतला. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

सुहास जाताना म्हणाले, "हॉल वाचवलात सर. आता त्यात बसणार कोण?"

रविकांतरावांनी सतरंजी गुंडाळायला घेतली. त्यांना राग आला नव्हता. चौतीस माणसं बसली होती आणि साडेपाच वाजले होते. हे नऊ गेले तर नवे येतील. हॉल असला की माणसं येतात. तत्त्वासाठी थोडा काळ तत्त्व बाजूला ठेवावं लागतं, यावर पुढची बैठक घ्यायला हरकत नव्हती. रात्री जेवताना त्यांनी शोभाताईंना पाण्याच्या टाकीचं जमणार नाही म्हणून सांगून टाकलं.

सोमवारी सकाळी अकराला ते वाचनालयात केदारांकडे गेले. केदारांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आसारामची वही उघडून त्यांच्याकडे फिरवली. रविकांतरावांनी ती ओळ दोनदा वाचली. मग ते म्हणाले, की यात चूक आहे, प्रत्यक्षात चौतीस माणसं होती. केदारांनी आसारामला हाक मारली.

"हुती की," आसाराम म्हणाला. "तेवीस जन टेम्पोतनं उतरलेले मी बघितले. त्यातली एक आजी आंधळी हुती, तिला मीच जिन्याला हात दिला."

"मग लिहिले का नाहीत?"

"सर, तुमचाच अर्ज हाय. डोकी मोजायची न्हाईत, चपला मोजायच्या." आसारामनं केदारांकडे बघितलं. केदारांनी फाइलमधून तो दीड पानी अर्ज काढून टेबलावर ठेवला होता.

वहीत लिहिलं होतं, 'अकरा जोड'. सकाळी पहिल्याच देवळाबाहेर भिमाजींच्या चपला चोरीला गेल्या होत्या, म्हणून बाकीच्यांनी आपल्या चपला दिवसभर टेम्पोतच ठेवल्या होत्या.